टमाट्याचा पाड

खोली भाड्यानं द्यायची असली की माणूस काय दाखवतो? खिडकी दाखवतो, वारा कसा येतो ते सांगतो, विहीर किती जवळ आहे ते सांगतो. आमच्या हिंगोलीच्या घरमालकांनी आम्हाला सगळ्यात आधी विंचवाचं बीळ दाखवलं.

"हे बघा," काठीनं कोपरा दाखवत ते म्हणाले, "इथं ऱ्हातो त्यो. उन्हाळ्यात बाहेर निघतो. छप्पर या अंगाला गळतं, त्या अंगाला गळत न्हाई, हातरूण तिकडं टाका. मधली भिंत पातळ हाय. मी घोरतो. अन् आमच्या हिची बडबड सकाळी सुरू व्हती, ती मी घोराय लागलो की थांबती."

आतून आवाज आला, "अन् यांचं खरं बोलणं कवाच थांबत न्हाई, तेबी सांगून टाका एकदाचं."

"व्हय, तेबी हाय," ते म्हणाले.

मी तेव्हा नवी नवरी. साखऱ्याहून बैलगाडीत ट्रंकेवर बसून आलेली, पदर नाकापर्यंत ओढलेला. तो पदर तोंडात कोंबून मी भिंतीकडं तोंड करून हसले. आमच्या ह्यांना सरकी-कापसाच्या कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी लागली होती आणि दोन दिवसांत चार घरं बघून ते वैतागले होते. मला हळूच म्हणाले, घेऊन टाकू, जो माणूस विंचू लपवत नाही तो आणखी काय लपवणार. झालं, राहिलो. त्यांना काका म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला काकू.

दिवस निजामाचे. कचेरीत उर्दू, बाजारात मराठी, आणि भांडण ज्या भाषेत आधी तोंड सुटेल त्या भाषेत. काकांचं पूर्वी बाजारपेठेत कापडाचं दुकान होतं. होतं म्हणायचं, कारण ते चाललं नाही. चालणार कसं? गिऱ्हाईक लुगडं हातात घेऊन बघतंय आणि दुकानदार म्हणतोय, "बाई, रंग दिसाया झ्याक हाय, पण दुसऱ्या धुण्याला पाणी लाल व्हईल. समोरच्या दुकानात जा, त्याच्याकडं पक्क्या रंगाचं हाय." काकू सांगायची, समोरचा दुकानदार दिवाळीला यांना पेढे पाठवायचा. शेवटी दुकान उठलं आणि न खपलेली सगळी लुगडी घरातल्या मोठ्या पेटीत येऊन पडली. काकांना त्याचं दुःख नव्हतं. रंग जाणारच होता, म्हणायचे, मी काय खोटं बोललो का?

एकदा आमच्या गल्लीतले एक म्हातारबा वारले. आयुष्यभर सगळ्या गल्लीशी कज्जे केलेले. लोक बसायला गेले, जो तो म्हणतोय देवमाणूस होता, देवमाणूस होता. काकांची पाळी आली. त्या म्हातारबांच्या लेकांकडं बघून म्हणाले, "चांगला व्हता असं माझ्यानं म्हणवत न्हाई बाबा. पण आवाज काय खणखणीत व्हता. पार नाक्यापर्यंत जायचा." लेक रडता रडता असे हसायला लागले की बायकांना वाटलं यांना झटका आला. थोरला नंतर म्हणाला म्हणे, आमच्या बापाबद्दल आज दिवसभरात एवढं एकच खरं ऐकलं.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडं वरण पाठवलं तर वाटी घेऊन स्वतः दारात आले. मला वाटलं कौतुक करतील. म्हणाले, "पोरी, मीठ इसरलीस आणि हिंग दोनदा घातलास. पण वाटी लख्ख घासलीस, तिला तोड न्हाई." मी रागानं लाल. आमचे हे मात्र उशीत तोंड घालून खिदळत होते, कारण ते वरण त्यांनी मुकाट्यानं खाल्लं होतं.

आता टमाट्यांचं सांगते, कारण काकांची गोष्ट म्हणजे टमाट्यांचीच गोष्ट.

त्या काळी आमच्याकडं टमाटा सर्रास नव्हता. भेद्रं म्हणायचे. वाशीमकडच्या लोकांना त्याचं भारी कौतुक, पण आमच्याकडच्या सोवळ्या म्हाताऱ्या त्याला शिवायच्या नाहीत, आत मांसासारखा लाल गर दिसतो म्हणून. तर आम्हाला तिथं राहायला येऊन दोन वर्षं झाली तेव्हा वाशीमकडच्या कुण्या जुन्या व्यापाऱ्यानं काकांना चिंधीत बांधून बी दिलं. काकांनी अंगणात एक लांब वाफा केला, विहिरीपासून थेट आमच्या खोलीच्या दारापर्यंत. झाडं झकास आली. फळं धरली. आणि तिथून खरी गंमत सुरू झाली, कारण फळं तोडायची कधी, याचा काकांचा स्वतःचा कायदा होता.

काका मूळचे डोंगरकड्याकडचे. त्यांच्या वडिलांची आमराई होती. आंब्याची रीत तुम्हाला माहीत आहे. झाडावरचा एखादा आंबा आपोआप पिकून खाली पडला, म्हणजे पाड लागला. मग समजायचं झाड तयार झालं, मग आंबे उतरवायचे आणि गवतात आढी घालून पिकवायचे. पाड पडायच्या आधी कुणी हात लावला तर काकांचे वडील काठी काढायचे. काकांनी तोच कायदा टमाट्यांना लावला. जोवर एक तरी टमाटा आपल्या मनानं खाली पडत नाही, तोवर एकाही टमाट्याला हात लावायचा नाही.

"पण काका, आंबा येगळा, भेद्रं येगळं," आमचे हे म्हणाले.

"फळ ते फळ. झाड सोता सांगतं, मी तयार हाये. त्याच्या आधी तोडणं म्हंजे त्याच्या तोंडून जबरदस्तीनं खोटं वदवून घेणं. मला न्हाई जमत."

ऐका. टमाट्याकडून खोटं वदवून घेणं. मी म्हटलं ना, विंचवाचं बीळ दाखवणारा माणूस.

इकडं पौषाची थंडी पडली. कयाधू नदीवरून असा गार वारा यायचा की सकाळी घागरीला हात लावायची हिंमत होत नसे. आणि थंडीत टमाटा काय करतो? काहीच करत नाही. हिरवा तो हिरवा. फार तर बुडाशी पांढुरका होतो, जरा गुलाबी झाक येते आणि तिथंच अडून बसतो. आमच्या भिंतीपलीकडं बागवानांचं घर होतं. त्या घरच्या चाचीला आम्ही सगळे चाचीच म्हणायचो. ती भिंतीवरून डोकं काढून ओरडायची, "सेठ, थंडी में झाड पे नहीं पकते ये. जरा गुलाबी हुआ की तोडो, चूल्हे के पास घास में रख दो. घर में लाल हो जाते."

काकूचंही तेच म्हणणं. उबेला ठेवले की घरातच पिकतात, ठेवून तर बघा. काका म्हणायचे, आढी पाडानंतर घालायची असते, आधी नाही. दोघी कपाळाला हात लावायच्या.

पण काकांना झाडांची काळजी होती, हे खरं. थंडी फार झाली तसं एका संध्याकाळी त्यांनी ती पेटी उघडली आणि न खपलेली लुगडी काढून एकेका झाडाला गुंडाळली. हिरवी, जांभळी, लाल काठांची. अंगणात हळदीकुंकवाला बायका रांगेनं बसल्यात असं वाटायचं. आमचे हे अंधारून आल्यावर कारखान्यातून परतले आणि एका जांभळ्या झाडासमोर अदबीनं उभं राहून म्हणाले, "काकू, जेवणं झाली का?" उत्तर आलं नाही, तसं त्यांना वाटलं काकू रागावली. रात्री जेवताना मला विचारतात, काकूचं काय बिनसलंय? खरं काय ते मला माहीत होतं, पण मी हसून हसून घास घशात अडकवून घेतला.

सकाळी काका उठायचे आणि तोंड धुवायच्या आधी वाफ्याकडं. लुगडी सोडायची, घडी घालायची आणि मग कंबरेत वाकून जमीन बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. रस्त्यानं जाणारा विचारायचा, काय हरवलं शेठ?

"हरवलं न्हाई. पाड बघून राहिलो."

हळूहळू सगळ्या गल्लीला नाद लागला. पाणक्या येता जाता विचारी, पडला का. दूधवाला भांडं खाली ठेवायच्या आधी विचारी, पडला का. लोक एकमेकांना रामराम करायचं सोडून "पडला का" म्हणू लागले. काका प्रत्येकाला गंभीरपणे सांगायचे, न्हाई, अजून न्हाई.

आणि याच दिवसांत मला दिवस गेले.

आता इथं मला जरा सरळ बोललं पाहिजे. आदल्या साली माझं एक लेकरू पोटातच गेलं होतं. त्यामुळं या खेपेला सगळे आधीच घाबरलेले, आणि मला काहीच पचेना. भाकरी म्हणू नका, भात म्हणू नका, पेज म्हणू नका, पाण्याचा घोट घेतला तरी उलटून पडे. बांगड्या कोपरापर्यंत वर जायला लागल्या. हकीमसाहेब आले, नाडी बघितली, पुड्या दिल्या आणि म्हणाले, हिला जे मागेल ते द्या, काहीतरी पोटात ठरलं पाहिजे, नाहीतर मामला कठीण आहे. आमच्या ह्यांचं तोंड पांढरं पडलं. मला भीती वाटत होती. खूप वाटत होती. रात्री पोटावर हात ठेवून मी त्या जिवाला म्हणायची, तू तरी राहा बाबा.

आणि मला हवं काय होतं? खोलीच्या दारासमोरच्या झाडाला एक टमाटा लागला होता, बुडाशी गुलाबी झालेला. मी उंबऱ्यावर बसून दिवसभर त्याच्याकडं बघायची. तोंडाला पाणी सुटायचं. जगात मला दुसरं काही नको होतं. चाची बाजारभर फिरून आली, पण थंडीनं सगळीकडंच माल अडला होता, टोपलीभर वांगी घेऊन परतली. वांगं बघितलं आणि मी मोरीकडं धावले.

मी कुणाला बोलले नव्हते. पण काकूच्या नजरेतून बाईची नजर सुटती होय? तिनं बघितलं मी कुठं बघते ते, आणि तडक काकांपुढं जाऊन उभी राहिली. "पोरीला डोहाळे लागलेत. त्यो दारापुढचा टमाटा द्या तोडून."

काकांच्या हातातली लुगड्याची घडी तशीच राहिली. ते माझ्या दारात आले. उंबऱ्याबाहेर उकिडवे बसले.

"पोरी," ते म्हणाले, "मला लई वाईट वाटून राहिलं. माझ्या हातानं देतो असं म्हणावं वाटतं. पण त्यो कच्चा हाय. तोडून दिला, तुझ्या पोटात गेला, अन् उद्या काही इपरीत झालं, तर मी तोंड कुठं दाखवू? झाडानं अजून व्हय म्हटलं न्हाई गं."

मी म्हटलं, राहू द्या काका. आणि दार लोटून रडले. काका लबाड असते तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

काकूनं मात्र त्या क्षणापासून अबोला धरला. तुम्हाला कल्पना नाही हे काय होतं. उठल्यापासून निजेपर्यंत ज्या घरातून बोलण्याची धार लागलेली असायची, त्या घरात भांड्याला भांडं लागल्याचा आवाज. शेजारच्या बायका विचारायला आल्या, काकू आजारी आहे का? काका अंगणात येरझाऱ्या घालायचे आणि मधेच आत डोकावून म्हणायचे, "काहीतरी बोल की." काकू डाळ निवडत राहायची. चाची भिंतीवरून म्हणाली, "बच्ची की जान उस टमाटे में अटकी है, और तुम जमीन देखते बैठे. कैकू सताते?" काका वाफ्याकडं वळले आणि माझ्या दारासमोरच्या झाडाशी जाऊन उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन नुकतंच भिंतीवर आलं होतं. काका अंगणातून हाक मारत होते. आवाज असा की मी भिंत धरून धरून बाहेर आले. आमचे हे आले, काकू आली, चाचीचं डोकं भिंतीवर उगवलं.

माझ्या दारासमोरच्या झाडाखाली टमाटे पडले होते. एक नाही, चांगले चार.

काका एकेक उचलून बघत होते. पहिला गोट्यासारखा टणक, हिरवागार, आणि त्याला अर्धी फांदी लटकलेली. "हा पाड न्हाई," काका म्हणाले. "हा वढून तोडला." काकूनं पदर सारखा केला आणि आकाशाकडं बघितलं. तिला जवळचं दिसत नसे, हाताला आला तो तिनं ओढला होता.

दुसरा तर वाफ्याच्या पार त्या टोकाच्या झाडाचा, लांबोळक्या जातीचा. इथं येऊन पडणार कसा? "हा काय चालत आला का?" काकांनी विचारलं. आमचे हे डोकं खाजवू लागले. म्हणाले, अंधारात कुठल्या झाडाला हात घातला ते कळलं नाही. मग त्यांच्याच लक्षात आलं आपण काय बोललो, आणि ते असे लाजले की तसं मी त्यांना आमच्या लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं.

तिसरा फुटला होता. भिंतीवरून टाकल्यासारखा. काकांनी वर बघितलं. "हौ, मैंनेच तोडा, मैंनेच फेका," चाची म्हणाली. "मेरे हाथ लंबे हैं. पुलिस बुलाओ."

मला हसू फुटलं. किती दिवसांनी हसले होते, बरगड्या दुखायला लागल्या. सगळे हसायला लागले, पण काका हसले नाहीत. कारण चौथा अजून खाली होता आणि ते त्याला हात लावत नव्हते.

चौथा म्हणजे तोच. माझा. बुडाशी गुलाबी झालेला, देठ नखानं नीट खुडलेला. आणि तो मातीत नव्हता पडला. त्याच्याखाली लुगड्याची एक स्वच्छ चिंधी चौपदरी घडी करून अंथरलेली होती.

मी तर दोन्ही हातांनी पदर धरलेला. मी काकांकडं बघितलं. ते झाडाकडं बघत होते.

"हा," ते म्हणाले, आणि घसा खाकरला. "हा आपोआप पडला."

तेव्हा काकूचा अबोला सुटला. "व्हय का? टमाटा पडायच्या आधी खाली हातरूण टाकून घेतो व्हय?"

काकांचे कान लालबुंद झाले. पण त्यांनी मान खाली घातली नाही. "पडला म्हणतो ना मी," ते म्हणाले. "पाड लागला. पोरीला द्या."

काकूनं डोळ्यांना पदर लावला, टमाटा धुतला, चिरून त्यावर मीठ टाकलं आणि ताटली माझ्या हातात दिली. मी पायरीवर बसले. अर्धवट पिकलेला, आंबट, गार. दात आंबले. मी फोडी खाल्ल्या, ताटलीत राहिलेलं पाणी प्यायले आणि बोटं चाटली.

मग सगळे थांबले. खरं सांगते, आयुष्यात माझ्याकडं इतक्या लोकांनी इतक्या श्रद्धेनं कधी बघितलं नाही. हे मोरीच्या वाटेतून बाजूला झाले, म्हणजे मला धावायला अडचण नको. काकूनं तांब्या तयार धरला. दूधवाला फाटकात येऊन "पडला का" म्हणायला तोंड उघडतोय तोवर चाचीनं त्याला वरूनच गप्प केलं. काका विहिरीच्या कट्ट्यावर माझ्याकडं पाठ करून बसले होते. त्यांचे खांदे गच्च आवळलेले होते. हा टमाटा माझ्या पोटात काय करील ही भीती त्यांनी एकट्यानं डोक्यावर घेतली होती, ती त्या पाठीवर दिसत होती.

ऊन भिंतीवरून उतरून वाफ्यात आलं. पोटात जरा गुरगुरलं. सगळे सावध झाले. मी डोळे मिटले, वाट बघितली. काही वर आलं नाही. उलट पोटात एक उबदार, शांत जागा झाल्यासारखं वाटलं, आणि मला कळलं की मला भूक लागलीय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा साधी, माणसासारखी भूक.

"काका," मी म्हटलं.

ते वळले नाहीत. "काय व्हतंय पोरी?"

"आणखी एक पाहिजे."

काका उठले. खाली पडलेल्या तिघांकडं बघितलं, एक टणक, एक भलत्याच जातीचा, एक फुटका. त्यातलं काही देण्याजोगं नव्हतं. मग त्यांनी झाडाकडं बघितलं. वरच्या फांदीला आणखी एक होता, बुडाशी गुलाबी. तो पडायच्या बेतात अजिबात नव्हता.

"सगळ्यांनी डोळे मिटा," काका म्हणाले.

आम्ही मिटले. मी, हे, काकू, फाटकातला दूधवाला, भिंतीवरची चाची, सगळ्यांनी. अंगण इतकं गप्प झालं की देठ तुटल्याचा आवाज स्वच्छ ऐकू आला.

"उघडा," काका म्हणाले. "पडला बघा आणखी एक."